ऑफिसच्या फोनवरचा व्हॉइसमेल जपायचा आणि पाठवायचा कसा

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून फोन आला, "तो मेसेज परत काढून द्या." खरेदी बघणाऱ्या माणसाने डेस्क फोन स्पीकरवर टाकला होता, समोर मोबाइल धरून रेकॉर्ड केलं होतं, ते मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि मग फोनवर ७ दाबून मूळ निरोप पुसून टाकला. रेकॉर्डिंग मी ऐकलं. पुरवठादार दर सांगतोय आणि त्याच्या आवाजावर पलीकडून कुणीतरी विचारतंय, "कटिंग की फुल?" त्याने आकडा काय सांगितला ते अंदाजाने कळत होतं. वाद मात्र आकड्याचा नव्हताच. निरोप शुक्रवारी संध्याकाळी आला की शनिवारी सकाळी, यावर सगळं अडलं होतं, आणि मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

ऑफिसांतले फोन जोडणारी एक्सचेंज बसवायचं आणि सांभाळायचं काम करताना हाच प्रकार मी वेगवेगळ्या ऑफिसांत पाहतो. लोक आधी पाठवतात, मग जपायचा विचार करतात. क्रम उलटा हवा: निरोप पुसला जाणार नाही अशी सोय करा, त्याची वेळ नोंदवा, फाइल काढा, तपासा आणि मग पाठवा.

## आधीची तयारी

हाताशी चार गोष्टी ठेवा: एक्स्टेंशन नंबर, मेलबॉक्सचा पिन, एक्सचेंज सांभाळणाऱ्या माणसाचा नंबर आणि एक वही. लॅपटॉपला हेडफोन लावून ठेवा. स्पीकरवर ऐकण्याची सवय सोडा, निरोपात कुणाचा खाते नंबर असेल ते आधी कळत नाही.

मग एक्सचेंजचं घड्याळ तपासा. ही पायरी जवळपास कुणीच करत नाही. स्वतःच्या मोबाइलवरून एक्स्टेंशनला फोन लावा, दहा सेकंदांचा चाचणी निरोप ठेवा आणि यंत्रणा त्याची वेळ किती सांगते ते पाहा. ती बरोबर ५ तास ३० मिनिटांनी मागे असेल तर सर्व्हर भारतीय वेळेवर नाही, यूटीसीवर म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतोय. सकाळी १०:१५ चा निरोप तिथे पहाटे ४:४५ चा दिसतो. त्या ४:४५ मध्ये साडेपाच तास मिळवायच्या ऐवजी वजा करून रात्री ११:१५, असं उलटं गणित करत बसलेले लोक मी पाहिलेत. घड्याळ चुकीचं निघालं तर लगेच दुरुस्त करायला लावू नका. फरक किती आहे तो आधी वहीत लिहा, काम आटोपल्यावर दुरुस्ती करा.

## टप्पा १ : निरोप नेमका कुठे आहे ते ओळखा

ऑफिसच्या फोनचे ढोबळमानाने तीन प्रकार भेटतात.

पहिला, ऑफिसात किंवा भाड्याच्या सर्व्हरवर चालणारं आयपी एक्सचेंज, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून फोन जोडणारं. अॅस्टरिस्क, त्यावरचं फ्री-पीबीएक्स, थ्री-सीएक्स ही त्यातली नेहमीची नावं. इथे प्रत्येक निरोप ही एक साधी ऑडिओ फाइल असते.

दुसरा, मायक्रोसॉफ्ट टीम्ससारखी क्लाउडवरची सोय. इथला निरोप टीम्सच्या कॉलच्या यादीत दिसत असला तरी तो तुमच्या ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये असतो. मेलसोबत एमपी-थ्री अटॅचमेंट येते.

तिसरा, भिंतीवरचं जुनं ईपीबीएक्स (ऑफिसातल्या ऑफिसात फोन जोडणारी पेटी) आणि त्यात बसवलेलं व्हॉइसमेल कार्ड. निरोप त्या कार्डात असतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तो फोनवर ऐकण्याखेरीज बाहेर काढायचा रस्ता नसतो.

कोणता प्रकार आहे हे आयटीवाल्याला विचारा. अंदाजावर जाऊ नका, कारण डेस्क फोनच्या दिसण्यावरून काही कळत नाही. तोच फोन आयपी एक्सचेंजलाही लागतो आणि क्लाउडलाही.

## टप्पा २ : पुसलं जाण्याच्या वाटा बंद करा

निरोप ऐकण्याआधी हे करा. फ्री-पीबीएक्सवर एक्स्टेंशनच्या व्हॉइसमेलच्या पानावर दोन पर्याय असतात: मेलसोबत ऑडिओ अटॅचमेंट पाठवायची का, आणि मेल गेल्यावर एक्सचेंजवरचा निरोप पुसायचा का. पहिला "नाही" आणि दुसरा "हो" असेल तर तेलही गेलं, तूपही गेलं. मेल येतो, त्यात "तुम्हाला निरोप आहे" एवढंच असतं आणि निरोप तोवर पुसला गेलेला असतो. नवीन एक्स्टेंशन बनवताना जुन्याच्या सेटिंग उचलल्या की ही जोडी नकळत पुढे सरकते. दुसरा पर्याय बंद करून घ्या, निदान काम होईपर्यंत तरी.

मग मेलबॉक्स किती भरलाय ते पाहा. अॅस्टरिस्कमध्ये वेगळं काही ठरवलेलं नसेल तर एका फोल्डरची मर्यादा १०० निरोपांची असते. मर्यादा गाठली की फोन करणाऱ्याला मेलबॉक्स भरल्याचं सांगितलं जातं, आणि त्याला वाटतं तुम्ही टाळताय.

टीम्सवर असाल तर त्या मेलला हात लावू नका, "साफसफाई" तर नकोच. चुकून डिलीट झालाच तर एक्सचेंज ऑनलाइनमध्ये (ही मायक्रोसॉफ्टची मेल सेवा, फोनचं एक्सचेंज नव्हे) डिलीट केलेल्या गोष्टी कचऱ्याच्या फोल्डरमधून गेल्यावरही मूळ सेटिंगनुसार १४ दिवस परत मिळू शकतात. अॅडमिन ही मुदत ३० दिवसांपर्यंत वाढवू शकतो. पण ती सोय चुकलेल्यांसाठी आहे, तिच्या भरवशावर काम करू नका.

थांबा. फोनवर ७ चुकून दाबलं गेलं तर रिसीव्हर ठेवू नका. अॅस्टरिस्कच्या मेनूत पुसणं प्रत्यक्षात होतं ते मेलबॉक्समधून बाहेर पडताना. त्याच निरोपावर पुन्हा ७ दाबलं की तो परत येतो. घाबरून फोन ठेवला तर गेला.

## टप्पा ३ : ऐका आणि लगेच नोंदवा

फ्री-पीबीएक्सवर स्वतःच्या मेलबॉक्ससाठी स्टार ९७, दुसऱ्या एक्स्टेंशनवरून आपला मेलबॉक्स उघडायचा तर स्टार ९८. पिन दिल्यावर १ दाबून निरोप ऐका. ऐकताना ३ आणि मग पुन्हा ३ दाबलं की यंत्रणा त्या निरोपाची तारीख, वेळ आणि आलेला नंबर बोलून दाखवते. हे आधी वहीत लिहा. मजकूर नंतर कितीदाही ऐकता येतो.

इथे एक गोंधळ हमखास होतो. एकदा ऐकलेला निरोप फोन ठेवल्यावर "नवीन" मधून "जुने" या फोल्डरमध्ये जातो. दुसऱ्या दिवशी मालकांना ऐकवायला जावं तर यंत्रणा म्हणते, निरोप नाहीत. मग मला फोन. निरोप गायब झालेला नसतो: २ दाबून फोल्डर बदला, १ दाबून "जुने" निवडा, तिथे आहे. महत्त्वाचा निरोप वेगळा ठेवायचा तर ऐकून झाल्यावर ९ आणि मग २ दाबा, तो "काम" या फोल्डरमध्ये जाईल. त्यात गर्दी नसते. ("कुटुंब" आणि "मित्र" असेही फोल्डर असतात. ऑफिसच्या यंत्रणेत ते कुणी वापरताना मी पाहिलेलं नाही.)

वहीतली नोंद अशी असावी: यंत्रणेने सांगितलेली तारीख आणि वेळ, खरी भारतीय वेळ, आलेला नंबर, एक्स्टेंशन, निरोपाची लांबी, कुणी ऐकला आणि कधी. एवढंच. "ग्राहक चिडलेला वाटला" असले शेरे त्या ओळीत नकोत.

## टप्पा ४ : फाइल बाहेर काढा

आयपी एक्सचेंजवरून. सगळ्यात सोपी वाट ब्राउझरची. फ्री-पीबीएक्समध्ये प्रत्येक एक्स्टेंशनला वापरकर्त्याचं वेगळं पॅनेल देता येतं. तिथे निरोपांची यादी दिसते, समोर डाउनलोडचं बटण असतं. लॉगिन मिळालेलं नसेल तर आयटीवाल्याकडून मागून घ्या, एकदाच करायचं काम आहे. दुसरी वाट मेलवर येणाऱ्या अटॅचमेंटची.

आयटीवाला थेट सर्व्हरवरून फाइल काढून देणार असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा. एक, ऑडिओसोबत त्याच नावाची छोटी मजकूर फाइलही घे. आलेला नंबर, वेळ आणि लांबी त्या फाइलमध्ये लिहिलेली असते, ऑडिओमध्ये नसते. दोन, क्रमांकाकडे लक्ष दे. सर्व्हरवर मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून फोनवरचा "पहिला" निरोप तिथे ०००० असतो. आणि मधला एखादा निरोप पुसला की पुढचे सगळे एकेक पायरी खाली सरकतात. काल पाचवा असलेला आज चौथा असतो. "पाच नंबरचा काढून ठेव" असं फोनवर सांगून भलताच निरोप हाती आल्याची उदाहरणं मी मोजणं सोडून दिलंय. नंबर सांगू नका, तारीख, वेळ आणि लांबी सांगा.

टीम्सवरून. आउटलुक उघडा, तो मेल शोधा, अटॅचमेंट सेव्ह करा. शिवाय पूर्ण मेलही फाइल म्हणून सेव्ह करा. नुसती एमपी-थ्री काढली तर कुणाकडून आणि केव्हा आलं याची माहिती मेलमध्येच मागे राहते.

जुन्या ईपीबीएक्सवरून. इथे रेकॉर्डिंगशिवाय गत्यंतर नाही, पण ते मोबाइल समोर धरून करू नका. बाहेरून ऑफिसच्या नंबरवर फोन लावून मेलबॉक्समध्ये शिरता येत असेल तर कॉल रेकॉर्डिंगची सोय असलेल्या मोबाइलवरून तसं करा. आवाज तारेतून येतो, खोलीतला गोंगाट येत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर सुरुवातीला "कॉल रेकॉर्ड होत आहे" अशी घोषणा होते. ती संपू द्या आणि मगच निरोप सुरू करा. वेळ सांगणारा यंत्रणेचा आवाजही त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या, तो कापू नका. तारखेचा तुमच्याकडे असलेला एकमेव पुरावा तोच.

## टप्पा ५ : फाइल तपासा

मूळ निरोप पुसायचा मोह इथे होतो. अजून नाही.

फाइलचा आकार बघा. अॅस्टरिस्कची साधी वेव्ह फाइल सेकंदाला ८,००० नमुने घेते, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट. एका मिनिटाला साधारण ९६० केबी. वहीतली लांबी ४० सेकंद असेल आणि फाइल ३२० केबीची असेल तर निम्मा निरोप कुठेतरी राहिला. ४४ बाइटची फाइल मिळाली तर तिच्यात नुसतं शीर्ष, म्हणजे फाइलची माहिती देणारा सुरुवातीचा तुकडा आहे, आवाजाचा एक कणही नाही.

पण ४० सेकंदांची फाइल जेमतेम ६५ केबीची निघाली तर घाबरू नका. अॅस्टरिस्क वेव्हचाच एक दाबलेला प्रकारही वापरतं, मिनिटाला शंभरेक केबीचा. त्याच्या नावाची शेपटी मोठ्या इंग्रजी अक्षरांत असते. तो काही मोबाइलवर वाजत नाही आणि लोक समजतात फाइल खराब झाली. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावून पाहा.

मग शेवटचे दहा सेकंद ऐका. सुरुवात सगळेच ऐकतात. अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला छान वाजते.

तपासा. ज्या संगणकावर फाइल उतरवली त्याखेरीज दुसऱ्या एखाद्या यंत्रावरही ती वाजते का?

## टप्पा ६ : नाव द्या, दोन प्रती करा

डाउनलोड केल्यावर फाइलची तारीख बहुतेकदा डाउनलोड केल्याच्या वेळेची होते. निरोपाची खरी वेळ नावात घातली नाही तर महिन्याभराने ती कुणालाच आठवणार नाही. नाव असं द्या: २०२५-०३-१८_१०१५_एक्स्ट२०४. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमाने लागतात. तारखेत तिरकी रेघ आणि वेळेत दोन टिंबं विंडोज घेत नाही. नावात ग्राहकाचं आडनाव किंवा मोबाइल नंबर टाकू नका, फाइल पुढे कुठे जाईल सांगता येत नाही.

दोन प्रती करा. एक "मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये, केवळ वाचण्यापुरती खुली. तिला कधीच हात लावायचा नाही. दुसरी कामाची. कापायचं, आवाज वाढवायचा, एमपी-थ्री करायचं, सगळं दुसरीवर.

## टप्पा ७ : पाठवा

ऑफिसातल्याच माणसाला द्यायचा असेल तर फाइल कशाला? ऐकताना ८ दाबून त्याच्या एक्स्टेंशनवर फॉरवर्ड करा, आधी स्वतःचे दोन शब्दही जोडता येतात. मूळ निरोप तुमच्याकडे राहतो. ही सोय असून लोक फाइली पाठवत बसतात.

बाहेर पाठवायचा तर मेल उत्तम. साध्या वेव्हचा पाच मिनिटांचा निरोपही पाच एमबीच्या आत असतो, आणि जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे.

व्हॉट्सअॅपवरच पाठवायचा असेल तर "डॉक्युमेंट" निवडून पाठवा. तसा पाठवला की फाइल आहे तशी पोहोचते. माइकचं बटण दाबून वाजवून पाठवलं तर ते नवीन रेकॉर्डिंग झालं, म्हणजे भोसरीचा प्रकार पुन्हा.

ड्राइव्हची लिंक देणार असाल तर ठरावीक माणसांनाच उघडेल अशी द्या. "लिंक असलेला कुणीही" हा पर्याय निवडून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला निरोप तुमच्या हातात राहत नाही. ग्राहकाचा आवाज, नंबर, त्याने बोलून दाखवलेला पत्ता हा सगळा वैयक्तिक डेटा आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख नेमका अशा निष्काळजीपणावर आहे. ज्याचं काम, त्यालाच पाठवा.

सोबत मजकूर लिहून द्यायचा असेल तर स्वतः ऐकून लिहा. टीम्स आपोआप मजकूर करून देतं, पण मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात आलं की मशीन काहीही लिहितं. माणसाचीही गफलत होतेच. साध्या टेलिफोन लाइनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यातलाच आवाज जातो, त्यात "स"चा सुस्कारा जवळपास गळून पडतो. म्हणून "साठ" आणि "आठ" फोनवर सारखेच ऐकू येतात. दर, नग, तारीख असे आकडे हेडफोन लावून तीनदा ऐका. तरी शंका राहिली तर तिथे "अस्पष्ट" लिहा आणि कितव्या सेकंदाला ते नोंदवा. आपल्याला सोयीचा आकडा लिहू नका. समोरच्याला फोन करून विचारणं यापेक्षा स्वस्त पडतं.

## टप्पा ८ : प्रकरण वकिलाकडे जाण्याची शक्यता असेल तर

धमकी, थकबाकीची कबुली, रद्द केलेली ऑर्डर, असं काही असेल तर वरचे टप्पे तेच, पण आणखी तीन गोष्टी करा.

मूळ निरोप एक्सचेंजवरून अजिबात पुसू नका. एक्सचेंज बदलायचं चाललं असेल तर जुनी हार्ड डिस्क भंगारात जाऊ देऊ नका.

"मूळ" प्रतीचं हॅश मूल्य काढून वहीत लिहा. फाइलमधला एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलतं. संगणकावर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून त्याच्या मेनूतून एसएचए-२५६ निवडा, ६४ अक्षरांची ओळ मिळते. फाइलचं नाव बदलल्याने हॅश बदलत नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. एमपी-थ्री केल्याने मात्र बदलतं, आवाज ऐकायला अगदी तोच असला तरी.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे: एक भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅशची जागा आहे. आधीच्या कायद्यातलं कलम ६५-ब होतं तेव्हाही, जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं होतं की मूळ उपकरणच हजर केलेलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ते कोण भरणार आणि कधी, हे वकिलाला विचारा. तुमचं काम एवढंच की ते भरायला लागणारी माहिती वहीत असावी.

## टप्पा ९ : आवरा

आता मूळ निरोप पुसायचा की नाही ते ठरवा. टप्पा ८ लागू नसेल, दोन प्रती तपासलेल्या असतील आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणच्या बॅकअपमध्ये असेल, तर पुसा.

माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा जास्त नुकसान होतं. त्याचं एक्स्टेंशन दुसऱ्याला दिलं जातं, मेलबॉक्स तसाच राहतो, आणि नवीन मुलगी पहिल्याच दिवशी आधीच्या माणसाला आलेले बँकेचे फोन ऐकत बसते. किंवा उलट: एक्स्टेंशन पूर्ण काढून टाकलं जातं आणि त्यासोबत निरोपही जातात. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर खातं काढलं की ते ३० दिवसांत परत आणता येतं, त्यानंतर नाही. म्हणून एचआरच्या यादीत लॅपटॉप आणि ओळखपत्राखाली "व्हॉइसमेल" ही ओळ घाला: कामाचे निरोप उतरवले, खासगी त्याला दिले, मेलबॉक्स रिकामा केला, पिन बदलला.

आणि पिन म्हणजे एक्स्टेंशनचाच नंबर किंवा १२३४ असेल तर तो आजच बदला.